बाईंचं जेवण

आमच्या घरात आईच्या तोंडून 'अहो-जाहो' दोघांनाच मिळायचं, बाबांना आणि मांजरीला. मांजरीला नाव असं नव्हतं. आई तिला 'बाई' म्हणायची. "या बाई. आज उशीर केलात? बसा, दूध तापतंय." बाबांशी ती कधी अशी थट्टेत बोलल्याचं मला आठवत नाही.

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवरून आत वळलं की आमची जुनी तीन मजली सोसायटी. दुसऱ्या मजल्यावर आम्ही आणि समोरच्या दारात मालवणकडच्या काकू. लग्न होऊन मी ठाण्याला गेले, त्यानंतर वर्षभरात जिन्यात कुणीतरी सोडून दिलेलं करड्या पट्ट्यांचं एक पिल्लू आईच्या मागे मागे घरात शिरलं. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मांजर म्हणजे एक दिवस उंदीर तोंडात धरून देवघरापर्यंत येणार, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणाली, "नाही येणार. दूध-पोळी खाईल, आपल्यातलीच होईल." हे बाबांना पटलं, कारण ते त्यांच्या मनासारखं होतं. पुढे आल्यागेल्याला ते कौतुकाने सांगायचे की आमची मांजर पक्की शाकाहारी आहे, दूध-पोळी आणि तूप-भात, बाकी कशाला तोंड लावत नाही. पाहुणे हसायचे. आई चहा टाकायला आत जायची.

बाबांच्या शाकाहाराबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी अकरावीत असताना मला वरचेवर चक्कर यायची. डॉक्टर म्हणाले, अंडी द्या. आईने बरेच दिवस विचार केला आणि एका दुपारी, बाबा कामावर असताना, एका लहानशा जर्मनच्या पातेल्यात एक अंडं उकडायला ठेवलं. बाबा एमआयडीसीतल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. त्या दिवशी तिकडची वीज गेली म्हणून ते लवकर घरी आले. मग जे ओरडले, ते इतकं की समोरच्या काकूंनी दार उघडून पाहिलं. "हे पातेलं मला या घरात पुन्हा दिसता कामा नये," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत. ते ओरडत असताना त्यांचा हात लागून पातेलं खाली पडलं, त्याला एका बाजूने पोचा आला. आईने ते उचललं, पुसलं आणि बाहेर घेऊन गेली. भंगारात दिलं असणार, असं मी धरून चालले. त्यानंतर मी काकूंकडे 'अभ्यासाला' जाऊ लागले आणि तिथे मला आम्लेट मिळू लागलं. आईला ठाऊक होतं. घरात शिरायच्या आधी ती फक्त म्हणायची, "चूळ भरून ये गं." मला आजही त्या प्रकरणाचा राग येतो. अंड्यावरून नाही, आईने ज्या मुकाट्याने ते पातेलं उचललं त्यावरून येतो.

आई महिनाभराच्या आजारपणात गेली. हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी ती फारसं बोलत नव्हती, पण एका सकाळी तिने विचारलं, "बाईंचं कोण बघेल?" बाबा कॉटजवळच बसले होते. म्हणाले, "मी आहे ना. अगदी तुझ्यासारखं करीन सगळं." आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं, मिटलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "काही अडलं तर समोर काकूंना विचारा." आम्हाला वाटलं, दूधवाल्याचा हिशेब, गॅसचं बुकिंग, असलं काही म्हणत असेल.

दहाव्याला कल्याणच्या खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली की कावळा पिंडाला शिवत नाही, असं मानतात. मग घरचे हात जोडून एकेक वचन देत जातात, कावळा येईपर्यंत. माझा यावर विश्वास नाही, तरी तिथे उभं राहून मी तो ठेवायचा खूप प्रयत्न केला. बाबा बोलत होते. देव सांभाळीन. गोळ्या वेळेवर घेईन. पोरीकडे जाऊन येत जाईन. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, एकही हलत नव्हता. गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू या. तेव्हा बाबांचा आवाज फुटला. "बाईंना तुझ्यासारखंच सांभाळीन गं. काही कमी पडू देणार नाही." आणि एक कावळा खाली आला. मी त्याला योगायोग म्हणेन. बाबांसाठी ते आईने घेतलेलं वचन होतं.

त्यानंतर त्यांनी ती मांजर पूजा करावी तशी सांभाळली. सकाळी दूध कोमट करून, बोट बुडवून बघून. पोळीचे तुकडे सारख्या आकाराचे, कात्रीने कापलेले. भात मऊ, वर तुपाची धार. पाणी उकळून गार केलेलं. गॅलरीला त्यांनी स्वतः माप घेऊन जाळी बसवली, बाई पडू नयेत म्हणून. वाळूचा ट्रे दिवसातून दोनदा साफ. आईच्या बारीक दातांच्या फणीने ते तिचे केस विंचरायचे, आणि मी रविवारी गेले की मला दाखवायचे, "बघ, एक गुंता नाही." आयुष्यात स्वतःचा चहाचा कप न उचललेला माणूस हे सगळं करत होता. मला कौतुक वाटायचं आणि थोडा हेवाही वाटायचा. हे इतकं आईसाठी कधी केलं नाहीत, असं ओठांवर यायचं. मी गिळायचे.

आई गेल्यावर थोड्याच दिवसांत काकूही मुलाकडे राहायला विठ्ठलवाडीला गेल्या. समोरच्या दाराला कुलूप लागलं. बाई रोज त्या बंद दारापाशी जाऊन बसायच्या, दाराच्या फटीला नाक लावून ओरडायच्या. बाबा म्हणाले, "आईला शोधतेय." मलाही तेच वाटलं आणि मी जिन्यात उभी राहून रडले.

दोनेक वर्षं गेली असतील. एका रविवारी मी गेले तर बाई खुर्चीच्या पायावर आपटल्या. मी हसले, म्हटलं म्हातारपण आलं वाटतं. मग त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारली ती कट्ट्याच्या अलीकडेच, आणि धपकन खाली पडल्या. रोजची उडी होती ती. मी जवळ घेऊन पाहिलं. भर उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर, कुठेच न बघणाऱ्या. छाती भराभर वरखाली होत होती. बाबा म्हणाले, "थोडी थकलीय. मी दूध वाढवलंय." मी म्हटलं, "बाबा, तिला दिसत नाहीये." ते माझ्यावर चिडले. पण पिशवीत आईची जुनी शाल घालून त्यांनीच तिला उचललं.

मानपाडा रोडवरच्या दवाखान्यात प्राण्यांच्या डॉक्टर होत्या, माझ्यापेक्षा वयाने लहान. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, छातीचा फोटो काढला. मग विचारलं, "खायला काय देता?" बाबा ताठ बसले. परीक्षेत पाठ असलेला प्रश्न आल्यासारखं त्यांनी सगळं सांगितलं, कोमट दुधापासून तुपापर्यंत. "आमच्या घरात दुसरं काही येत नाही," ते म्हणाले.

डॉक्टर हळू आवाजात बोलल्या. मांजराला मांसातून मिळणारं एक द्रव्य लागतंच, ते दुधात नाही, पोळीत नाही, भातात नाही. ते मिळालं नाही की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय पसरतं. डोळे परत येणार नाहीत. हृदयाला औषध देता येईल, आणि मासे किंवा चिकन आजपासून सुरू करायला हवं. "उशीर झालाय, पण बघू," म्हणाल्या.

"आई-, माझी बायको तिला सात-आठ वर्षं हेच घालत होती," बाबा म्हणाले. "तेव्हा ठणठणीत होती."

"इतकी वर्षं फक्त यावर? कठीण आहे काका. बाहेर कुठेतरी मिळत असणार तिला."

"बाहेर जात नाही ती," बाबा म्हणाले आणि उठून उभे राहिले.

घरी आल्यावर मी विषय काढला. मासे मी ठाण्याहून उकडून आणीन, नाहीतर चिकनचा तयार डबा मिळतो तो आणू, तुम्ही हातही लावू नका. ते एकदम उसळले. "तिच्या ओट्यासमोर मासे? ती गेली म्हणून तिचं घर बाटवायचं? मी तिला वचन दिलंय, तुझ्यासारखं करीन म्हणून! तिने हेच घातलं, मी हेच घालणार!" मीही काही कमी नाही, त्यांचीच मुलगी. म्हटलं, "मग मरू द्या मांजरीला तुमच्या वचनापायी." बाई पलंगाखाली जाऊन बसल्या. बाबा देवापाशी जाऊन बसले. मांजर गेली तर त्यांचं वचन मोडणार होतं, आणि मांजर जगवायची तर आईचं घर त्यांनीच मोडलं असं होणार होतं. ते अडकले होते आणि मला ते बघवत नव्हतं.

मी गॅलरीत जाऊन काकूंना फोन लावला. बाबा काहीही म्हणोत, मी ठाण्याहून करून आणायचं ठरवलं होतं, आणि मासे कसे उकडायचे तेही मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात वाढलेल्या मुलीला कुठून ठाऊक असणार? काकूंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "बांगडो घे गो. मीठ-हळद काही नको, नुसता पाण्यात उकड. काटे नीट काढ. डोक्याकडचा भाग दे, तो आवडता तिला."

"तुम्हाला कसं माहीत, काय आवडतं ते?"

काकू एवढंच म्हणाल्या, "मी उद्या येतंय. भाऊजींना घरी थांबायला सांग."

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. काकू आल्या, चहा नको म्हणाल्या, आणि कापडी पिशवीतून एक पातेलं काढून टेबलावर ठेवलं. लहानसं, जर्मनचं, आतून काळं पडलेलं. एका बाजूला पोचा.

बाबांनी ते ओळखलं. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला कळलं.

"वहिनींनी तेव्हाच दिलेलं माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "फेकवत नाही म्हणाल्या. मग ही मांजर आली. वहिनी म्हणाल्या, मुकं जनावर आहे, आमच्या नियमात त्याला कशाला बांधू? मग माझ्याकडे मासे व्हायचे त्या दिवशी यात थोडे बाजूला उकडायचे. मी म्हणायची, मी घालते तिला, तुम्ही जा. नाही. स्वतः बसायच्या माझ्या मोरीत. नाकाला पदर लावून काटे काढायच्या, एकेक. ओकारी यायची त्यांना, तरी. मग लिंबाने हात चोळून चोळून धुवायच्या आणि घरी जायच्या."

"लिंबू," बाबा म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तिच्या हाताला लिंबाचा वास यायचा. मी एकदा विचारलंही होतं. भांड्यांचा साबण म्हणाली."

काकूंनी डोळे पुसले. "वहिनी गेल्यावर मी सांगायला आलेली भाऊजी. दोनदा आलेली. तुम्ही हिला मांडीवर घेऊन विंचरत होतात. माझ्याने नाही बोलवलं. मी जाईपर्यंत घालत होते, गुपचूप. मग वाटलं, तुम्ही कायतरी बघाल."

बाबांनी पातेलं हातात घेतलं, पोच्यावरून अंगठा फिरवला. "मला सांगायचं होतं तिने," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत एकदा तरी."

माझ्याकडे उत्तर तयार होतं, अकरावीपासून तयार होतं. पण काकूच बोलल्या, अगदी हळू, "तुम्ही ओरडला असतात भाऊजी."

बाबांनी पातेलं टेबलावर परत ठेवलं. मग म्हणाले, "हो. ओरडलो असतो."

त्या दिवसापासून मासे बाबांनीच आणले. मला आणू दिले नाहीत, काकूंनाही नाही. मासळी बाजारात पहिल्यांदा गेले तेव्हा मी सोबत होते. पांढरा शर्ट, पायांत चांगल्या चपला, सगळीकडे पाणी आणि ते कडेकडेने चालत होते. कोळीण म्हणाली, "बाबा, असा लांबून नको बघू, चावत नाय तो." एरवी असल्या बोलण्यावर ते तिथून निघून गेले असते. ते वाकले आणि म्हणाले, "मांजरासाठी हवाय. म्हातारी आहे. मऊ द्या." गॅलरीत एक छोटी शेगडी मांडली. आईच्या ओट्यावर नाही, तेवढं त्यांनी पाळलं. ते पातेलं चढवलं.

पाणी तापायच्या आधीच बाई पलंगाखालून बाहेर आल्या. दिसत नव्हतं, म्हणून भिंतीला अंग घासत, एकेक पाऊल टाकत, दारात एकदा अडखळून गॅलरीत पोचल्या आणि मान वर करून ओरडू लागल्या. तसं ओरडणं मी फक्त एकदाच ऐकलं होतं, समोरच्या बंद दारापाशी. तेव्हा आईला शोधत नव्हती ती. बाबांना ते माझ्या आधी कळलं असावं, कारण ते शेगडीकडे तोंड करून उभे राहिले आणि वळलेच नाहीत.

मग ते जमिनीवर बसले. नाकाला रुमाल बांधलेला. ड्रॉइंगच्या जुन्या पेटीतला बारीक चिमटा घेऊन त्यांनी काटे काढले, एकेक उजेडात धरून, कंपनीतला नकाशा तपासावा तसे. मधेच त्यांना उमळून आलं, उठून बेसिनपाशी गेले, परत येऊन बसले. बशी पुढे केली आणि म्हणाले, "जेवा बाई." ते तिच्याशी पहिल्यांदाच अहो-जाहोने बोलत होते.

बाई त्यानंतर सहा-सात महिने जगल्या. वजन थोडं वाढलं, केसांना चकाकी आली. बाबांनी घरातलं सामान जागचं हलवायचं बंद केलं, तिला वाट पाठ राहावी म्हणून. मी एकदा स्टूल सरकवलं तर मला बोलणी बसली. सकाळचं ऊन गॅलरीत येईल त्या बाजूला ते तिची शाल सरकवत राहायचे. हृदय मात्र सावरलं नाही. छातीत पाणी साठायचं, डॉक्टर ते काढायच्या, पुन्हा साठायचं. शेवटी फाल्गुनातल्या एका सकाळी, त्याच उन्हात, बाबांच्या मांडीवर ती गेली. मी पोचले तेव्हा ते तसेच बसलेले होते आणि हातात फणी होती. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत, जास्वंदीखाली तिला पुरलं. मी लहान मुलीसारखी रडले. मला मांजरीसाठी रडायचं होतं, पण डोळ्यांसमोर येत होती ती काकूंच्या मोरीत बसलेली आई, नाकाला पदर लावून.

बाबा त्या दिवशी रडले नाहीत. जेवले, पातेलं घासलं आणि आईच्या ओट्याखालच्या मांडणीत, तिच्या इतर पातेल्यांच्या शेजारी लावलं.

त्यानंतरच्या पितृपक्षात आईचं पान वाढायला मी गेले होते. आईला आवडायचं ते सगळं केलं होतं, म्हणजे आम्हाला जेवढं ठाऊक होतं तेवढं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. बाबा पान घेऊन गच्चीत गेले. खूप वेळ झाला तरी खाली येईनात, म्हणून मी जिना चढून वर गेले.

ते कठड्यापाशी हात जोडून उभे होते, पाठ माझ्याकडे. "आणखी काही राहिलं असेल तर सांग," ते म्हणत होते. "काहीही असू दे. आता नाही ओरडणार मी."

पानावर काही उरलं नव्हतं. कावळा केव्हाच येऊन, खाऊन गेला होता. बाबा तरीही उत्तराची वाट बघत तिथेच उभे होते.